जेरुसलेम जिंकलं, पण वसवलं कसं?

आर्वीचा वाचक: गावच्या वाचनालयात पहिल्या क्रुसेडवर, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धावर बोलायचं आहे. 1099 मध्ये फ्रँकांनी (पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती योद्ध्यांनी) मुसलमानांकडून जेरुसलेम घेतलं, पण वेढ्याला पाच आठवडे काऊन लागले? अन् एवढी कत्तल झाल्यावर शहरात राहिलं कोण?

वणीकर: लाकूड नव्हतं भाऊ. वेढा 7 जूनचा, 13 जूनचा पहिला हल्ला शिड्यांअभावी फसला. शहर तेव्हा इजिप्तच्या फातिमी खिलाफतीकडं होतं; त्यांचा सुभेदार इफ्तिखार अद्-दौलानं बाहेरच्या विहिरी आधीच निकामी केल्या होत्या, त्यामुळं पाण्याचे हाल वेगळेच. 17 जूनला जाफा बंदरात इटलीतल्या जेनोआची जहाजं लागली, तेव्हा दोर, खिळे अन् कसबी सुतार मिळाले. मग चाकांवरचे लाकडी बुरूज बांधले. फ्रँकांचा एक सरदार गॉडफ्रे, त्यानं आपला बुरूज सुटा करून रातोरात पूर्वेकडं, कमजोर तटासमोर नेला. 15 जुलैला तिथूनच आत शिरले.

मोर्शीचे गुरुजी: खरी अडचण पुढं होती. मुसलमान अन् ज्यूंना शहरात राहायची बंदी, अन् बहुतेक फ्रँक यात्रा झाली म्हणून मायदेशी परतलेले. म्हणून कायदा केला: मालक वर्ष अन् एक दिवस गैरहजर, तर मालमत्ता ज्याचा ताबा त्याची. तरी घरं रिकामीच. 1115 च्या सुमारास जेरुसलेमचा फ्रँक राजा बाल्डविन पहिला, त्यानं जॉर्डन नदीपलीकडचे सीरियन ख्रिस्ती आणून जुन्या ज्यू वस्तीत बसवले. 1120 मध्ये त्याच्यानंतरचा राजा बाल्डविन दुसऱ्यानं धान्य-कडधान्यावरचा जकात कर उठवला. बाजार समितीनं सेस माफ करावा तसं.

आर्वीचा वाचक: हे ताब्याचं कलम आमच्या गावात सांगितलं तर भांडणंच लागतील जी!