प्रदूषण मंडळाच्या संमतीची फी : भांडवल नेमकं कोणतं धरायचं?

प्रश्न: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संचालन संमतीच्या (कारखाना चालवण्याच्या परवानगीच्या) नूतनीकरणाचा अर्ज करायचा आहे. फी भांडवली गुंतवणुकीवर. ताळेबंदातला निव्वळ आकडा चालेल का?

उत्तर १: नाही. घसारा (वापरामुळे दरवर्षी कमी धरली जाणारी किंमत) वजा न करता, मूळ खरेदी किमतीने धरा. समजा जमीन ६० लाख, शेड १ कोटी १० लाख, यंत्रं २ कोटी ४० लाख. बेरीज ४ कोटी १० लाख, फी याच आकड्यावर. घसाऱ्यानंतर ताळेबंदात पावणेतीन कोटी दिसले तरी ते इथे उपयोगाचे नाहीत. सीएच्या दाखल्यात जमीन, इमारत, यंत्रसामग्री वेगवेगळी लिहून घ्या आणि ‘घसारा वगळण्यापूर्वीची किंमत’ हे शब्द हवेतच. बहुतेक शेरे तिथेच पडतात, मग फरकाची रक्कम भरेपर्यंत अर्ज अडकतो.

उत्तर २: मागच्या संमतीपत्रातला भांडवलाचा आकडाही ताडून बघा. नवा आकडा कमी आला तर विचारणा होणारच. यंत्र विकलं असेल तर त्याचं बिल जोडा. फी वार्षिक दराने, जितकी वर्षं मागाल तितक्या पटीत.

उत्तर ३: फीचे दर सुधारताना खरं तर हा पायाच बदलायला हवा. ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर) ४० लाख घातले की भांडवल वाढतं, भांडवलाचा पुढचा टप्पा (स्लॅब) लागला की फीही वाढते. सांडपाणी स्वच्छ करणाऱ्यालाच भुर्दंड! प्रदूषण-नियंत्रणाची यंत्रणा भांडवलातून वगळा, दरबदलावर हरकती-सूचना मागवल्या की त्यांत हे आवर्जून लिहा.