साडी नेसून डबलसीट: एका बाजूला बसणं बंदच करायला हवं का?

पाचपाखाडीकर: माझं मत, बंदच व्हायला हवं. दोन्हीकडे पाय टाकून बसलं की तळवे फुटरेस्टवर टेकतात, मांड्यांनी सीट धरता येते, ब्रेकचा धक्का पायांवर झेलता येतो. एका बाजूला, म्हणजे दोन्ही पाय डावीकडे सोडून बसलेलीला आधार दोनच: उजव्या हाताला चालवणाऱ्याचा खांदा, डाव्या हाताला ग्रॅब रेल, म्हणजे सीटमागची धरायची दांडी. एक हात पिशवीत अडकला आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडला खड्डा लागला, तर ती पाठीवर उजवीकडे पडते, नेमकी मागून ट्रेलर येतात त्या बाजूला.

नेरूळवाली: बंद करून तिने जायचं कसं? काष्ट्याची नऊवारी असेल तर ठीक, पाचवारीत दोन्हीकडे पाय टाकले की निऱ्या गुडघ्यावर येतात. डावीकडे बसलेली बाई उतरतेही फूटपाथकडे. आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार हाताने धरायची सोय, फुटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक तरी झाकेल असं कव्हर गाडीला असलंच पाहिजे. लूक बिघडतो म्हणून साडीगार्ड, म्हणजे हेच कव्हर, काढून ठेवायचा आणि दोष साडीला द्यायचा, हे मला पटत नाही.

कळवा नाका: साडीगार्ड हवाच, पण तो डावीकडे असतो. डावीकडे तोंड करून बसलं की पाठ उजवीकडे, म्हणजे डाव्या खांद्यावरून पाठीवर सोडलेला पदर गार्ड नसलेल्या बाजूला लोंबतो, चाक आणि सायलेन्सरच्या वर. हे बघायचं राहून जातं. पदर पाठीवरून उजव्या बगलेखालून पुढे ओढून डाव्या कमरेला घट्ट खोचा. ओढणीचं तर विचारूच नका. चाकात टोक गेलं की सैल कापड क्षणात संपतं आणि गळ्याला फास बसतो. जॉर्जेटची ओढणी गार्डच्या गजांमधूनही आत जाते. बसण्याआधी गळ्यातून काढून कमरेला गाठ मारा, नाहीतर पिशवीत टाका.

पाचपाखाडीकर: पदराचं मान्य. तरी पाम बीच रोड आणि सायन-पनवेल हायवेच्या वेगाला ही बैठक नकोच. वजन डावीकडे, त्यामुळे सरळ रस्त्यावरही गाडी किंचित उजवीकडे कलती धरावी लागते. अशात अचानक ब्रेक लागला की ती सरकत चालवणाऱ्याच्या पाठीवर येते.

नेरूळवाली: मग वेग कमी ठेवायची जबाबदारी चालवणाऱ्याची, कपड्यांची नाही. मागच्या टायरमध्ये हवा एकट्याच्या आकड्याने नको, स्टिकरवर डबलसीटसाठी दिलेल्या आकड्याने भरा. शॉकअप, म्हणजे मागची स्प्रिंग, एक-दोन खाचा कडक करा, नाहीतर मागची बाजू बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ती "बसले" म्हणेपर्यंत क्लच सोडू नका.

कळवा नाका: आणि हेल्मेट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. उंच अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, कपाळावर घसरतं आणि पट्टाही सैल राहतो. केस मानेपाशी सैल वेणीत बांधा. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकीच जागा ठेवा, मग हेल्मेट दोन्ही हातांनी मागून पुढे ढकलून बघा. निघालं तर माप चुकलंय.