मदत हवी आहे - ऑस्टिनच्या जॉन्सन लायब्ररीतून कागद कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना मे १९६४ मध्ये शस्त्रमदतीची बोलणी करायला अमेरिकेला गेले होते, आणि ते तिथे असतानाच नेहरू वारले, त्यावर एक लेख लिहितोय. अमेरिकन बाजूचे कागद टेक्सासमधल्या ऑस्टिनला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रेसिडेन्शियल लायब्ररीत आहेत. नावात लायब्ररी असली तरी मुळात ते दप्तरखानाच आहे, साडेचार कोटींच्या आसपास पानं म्हणे! त्यात नॅशनल सिक्युरिटी फाइल, त्यात कंट्री फाइल, त्यात इंडिया, इथवर मी पोचलोय. अमेरिकन परराष्ट्र खात्याने छापलेला १९६४-६८ चा दक्षिण आशियाचा खंड ऑनलाइन फुकट आहे, तो वाचला, पण ते निवडक कागद आणि मला अख्खा फोल्डर बघायचाय.

आता अडचण अशी की काही फोल्डरांत कागदाच्या जागी नुसती काढून घेतल्याची नोंद असते, म्हणजे तो अजून गोपनीय. राष्ट्राध्यक्षांचे कागद सरकारी मालकीचे ठरवणारा १९७८ चा प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स कायदा रेगनपासून पुढे लागू, जॉन्सनचे कागद त्याआधीचे, दान दिलेले, त्यामुळे माहिती अधिकाराचा अर्ज इथे बहुतेक चालणार नाही, डिक्लासिफिकेशन रिव्ह्यूच (म्हणजे गोपनीय कागद आता खुला करता येईल का याची तपासणी) मागावा लागेल ना? तो भारतात बसून मागता येतो का, कोणी मागितलाय का, साधारण किती थांबावं लागतं? आणि ऑस्टिनमध्ये राहणारं कोणी रीडिंग रूममध्ये जाऊन फोटो काढून देऊ शकेल का? खर्च अर्थात माझा. बॉक्स नंबर मी काढून ठेवतो.