मदत हवी आहे: मे महिन्यात गच्चीवर २५ जणांसाठी डेव्हिल्ड एग्ज

नमस्कार मंडळी,

भाचीचा बारावीचा निकाल लागला, म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी गच्चीवर पंचवीसेक जणांचं जेवण ठरलंय. मटण, कडक भाकरी, शेंगा चटणी हे जाऊबाई बघतायत. सुरुवातीचं काहीतरी माझ्याकडे आलंय आणि भाचीला डेव्हिल्ड एग्जच हवेत. पुण्याला मैत्रिणीकडे खाऊन आल्यापासून तोच जप चालू आहे.

कृती माहीत आहे. उकडलेली अंडी उभी चिरायची, बलक काढून मेयोनीज, मस्टर्ड सॉस, थोडं व्हिनेगर, मीठ-मिरी घालून मळायचा आणि परत खळग्यात भरायचा. घरच्यापुरते करते मी. पण माणशी दोन तुकडे म्हणजे २५ अंडी, फुटतूट धरून ३० चा अख्खा ट्रे. त्यात पांढरा भाग सालाबरोबर सोलून निघतो, बलक एका कडेला जातो आणि तिथे पांढरी भिंत फाटते. घरी चालतं, पाहुण्यांसमोर नाही.

आणि मुख्य म्हणजे उन्हाळा. आपल्याकडे सूर्य मावळला तरी गच्चीची फरशी तापलेलीच असते. मेयोनीजचं काय होईल? त्याऐवजी चक्का घालू का?

प्रतिसाद : बाळीवेसकर

ताई, अंडी आजच आणून फ्रिजमध्ये टाका. ताजी अंडी नीट सोलली जात नाहीत. अंडं शिळं होतं तसा आतला कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून जातो, मग पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला तेवढा चिकटून बसत नाही. दुकानदार ‘आजचाच माल’ म्हणाला तर या कामापुरतं ते कौतुक नाही.

थंड पाण्यात घालून उकडू नका. इडलीपात्रात पाण्याला खळखळून उकळी आली की चाळणीवर अंडी ठेवून १२-१३ मिनिटं वाफवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. ३० एकदम नको, दोन घाण्यांत करा. जास्त शिजलं तर बलकाभोवती हिरवट कडा येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचा तो उद्योग. खायला काही होत नाही, पण दिसतं वाईट.

बलक मधे यायला हवा तर आदल्या रात्री ट्रेवर दुसरा रिकामा ट्रे पालथा घाला, सुतळीने घट्ट बांधा आणि फ्रिजमध्ये कडेवर उभा करून ठेवा, म्हणजे अंडी आडवी राहतात. सगळे बलक मधे येत नाहीत, पण बरेच येतात.

प्रतिसाद : गड्ड्याची जत्रा

मेयोनीजला उगीच बदनाम करतात. बाटलीतलं मेयोनीज आंबट असतं, ते त्या मानाने तग धरतं. खरी काळजी उकडलेल्या, सोललेल्या, हात लागलेल्या अंड्याची. नियम असा की फ्रिजबाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्या मे महिन्यात एकच धरा.

म्हणून भरून वर नेऊच नका. पांढऱ्या वाट्या झाकणाच्या डब्यात, सारण जाड प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही फ्रिजमध्ये. पाहुणे टेकले की पिशवीचं टोक कापा आणि मेंदीच्या कोनासारखं दाबत भरा. २५-३० मिनिटांचं काम नाही, दोघी असलात तर दहात उरकतं. परातीत बर्फ, त्यावर ताट, आणि एका वेळी निम्मेच बाहेर काढा.

चक्का चालेल, पण रात्रभर टांगलेला हवा, नाहीतर पाणी सुटतं. मी निम्मं मेयोनीज, निम्मा चक्का घेते. ३० अंड्यांना दोन्ही मिळून सव्वा वाटीपासून सुरुवात करा, लागलं तर वाढवा. बाटलीवर बघून घ्या, आपल्याकडे बहुतेक बिनअंड्याचंच मिळतं. चवीला जरा गोड असतं, तेव्हा व्हिनेगर किंवा लिंबू थोडं जास्त.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही आभार! वरून पाप्रिका (सौम्य लाल मिरचीपूड) भुरभुरतात, त्याऐवजी शेंगा चटणी घातली तर? आणि इडलीपात्राला सासूबाईंची परवानगी मिळणं अशक्य. आमच्याकडे अंड्याची भांडी मागच्या गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर.

प्रतिसाद : गड्ड्याची जत्रा

घालाच की! फक्त सारणात कालवू नका, शेंगदाणा ओल ओढून घेतो आणि गोळा घट्ट होतो. वाढताना चिमूटभर वरून, म्हणजे कुरकुरीत लागते. रंगाला काश्मिरी मिरची. आणि अर्ध्या अंड्याच्या पाठीवरून सुरीने पातळ चकती काढा, नाहीतर ताटात घसरगुंडी होते.

प्रतिसाद : बाळीवेसकर

इडलीपात्र नको तर कुठलंही खोल पातेलं, त्यात उपडी वाटी, वर चाळणी, घट्ट झाकण. पाणी चाळणीच्या खाली राहिलं पाहिजे, बस्स. आणि रविवारी वार पाळणारं कुणी आहे का ते जाऊबाईंना आधीच विचारा, त्यांच्यासाठी उकडलेल्या छोट्या बटाट्यात तेच बिनअंड्याचं मेयोनीज, मस्टर्ड आणि शेंगा चटणी भरता येईल. ते आधी भरा, अंड्याचा चमचा नंतर.