नेब्रास्का २०२१: सलग सहा पराभवांत मार्टिनेझचा दोष किती?

प्रश्न: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये नेब्रास्काचे मिशिगनविरुद्धपासून आयोवाविरुद्धपर्यंत सहा सामने हातचे गेले, एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) एड्रियन मार्टिनेझला संघाबाहेर बसवायलाच हवं होतं का?

उत्तर १: आयोवाचा सामना त्याच्या माथी मारू नका. खांद्याच्या दुखापतीमुळे तो खेळलाच नाही, त्याच्या जागी स्मदर्स उतरला. शिवाय तिथे आमचा पंट (लाथेने दूर मारलेला चेंडू) अडवला गेला आणि त्यावर आयोवाचा टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) बसला. पर्ड्यूविरुद्धची चार इंटरसेप्शन्स (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) मात्र त्याचीच, आणि हरलो २८-२३.

उत्तर २: मिशिगनविरुद्धचा मार्टिनेझचा फंबल (हातून सुटलेला चेंडू) सावकाश लावून पाहा. २९-२९, शेवटची दोन मिनिटं. घोळक्यात अडकल्यावरही तो रेटत राहिला आणि मिशिगनच्या हॉकिन्सने चेंडू हिसकला. अशा वेळी दुसरा हात चेंडूवर यायलाच हवा: टोक पंजात, चेंडू बरगड्यांना घट्ट, आणि सरळ खाली बसायचं. एका यार्डाचा मोह नको.

उत्तर ३: मार्टिनेझच्या धावांचे (चेंडू घेऊन पळण्याचे) आकडे जपून वाचा. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकचे (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्यावर गमावलेले) यार्ड क्वार्टरबॅकच्या धावेतून वजा होतात. समजा १० धावांत ६० यार्ड काढले आणि ४ सॅकमध्ये ३० गमावले, तर तक्त्यात १४ धावा, ३० यार्ड दिसतात. म्हणजे त्याला वाचवणाऱ्या आक्रमक फळीचं अपयश त्याच्या नावावर चढतं. माझ्या मते त्याला बाहेर बसवणं चूकच ठरलं असतं.