इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पोर्तुगीजांकडून लग्नाच्या तहात मुंबई आंदण मिळाली 1661 ला, मग ताबा 1665 ला का?

प्रश्न: तहानंतर चार वर्षं कुठे गेली?

उत्तर १: तहात बेटाच्या सीमा स्पष्ट नव्हत्या. इंग्रज शेजारचं साष्टी बेटही मागत होते, पोर्तुगीज देईनात. ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकले. रोगराईने बहुतेक दगावले, 1664 मध्ये शिपमनही. शेवटी त्याचा सचिव हम्फ्री कुकने फेब्रुवारी 1665 मध्ये फक्त मुंबई बेट स्वीकारलं. माहीम त्याने नंतर घेतलं.

उत्तर २: राजाला बेट सांभाळण्याचा खर्च परवडेना. 1668 च्या सनदेने बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं, वर्षाला 10 पौंड खंडावर! खरी घडी कंपनीचा गव्हर्नर ऑंजियरने बसवली: 1672 मध्ये न्यायालय, टांकसाळ, व्यापाऱ्यांना धर्मस्वातंत्र्य.

उत्तर ३: भरतीचं पाणी मात्र वरळीच्या खिंडीतून शिरतच राहिलं. ती खिंड बुजवणारा हॉर्नबी वेलार्डचा बांध थेट 1780 च्या दशकातला.