‘दशान्त’ मराठीत कसा आणावा?

पानगळ: कालिदासाच्या रघुवंशाचा अनुवाद करताना बाराव्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकाशी अडले आहे. म्हातारा दशरथ:
‘निर्विष्टविषयस्नेहः स दशान्तमुपेयिवान् ।
आसीदासन्ननिर्वाणः प्रदीपार्चिरिवोषसि ॥’
स्नेह म्हणजे आसक्ती आणि तेल, दशा म्हणजे वयाची अवस्था आणि वात, निर्वाण म्हणजे मुक्ती आणि विझणं. राजा आणि पहाटेचा दिवा त्याच शब्दांत बसलेत. ‘आयुष्याचं तेल सरलं, वात संपली’ केलं की श्लेष जातो, नुसतं रूपक उरतं. ‘दशा’ ठेवावी तर वाचकाला दुर्दशा आठवते.

तळटीप: तरी ‘दशा’च ठेवा. पदराच्या, पंच्याच्या टोकाला सुटलेला धागा म्हणजे दशी. माशी-माशा, तसं दशी-दशा. संस्कृतातही वस्त्राची दशा आणि दिव्याची दशा एकच. मराठीने त्यातला कापडाचा अर्थ जपलाय.

पानगळ: पण दशी म्हटल्यावर लोंबणारा धागा दिसतो. ज्योत दिसत नाही.

ओसरी: पुढचा श्लोक याहून अवघड आहे. जरा, म्हणजे म्हातारपण, पिकल्या केसाच्या मिषाने राजाच्या कानाशी येते आणि ‘राज्य रामाला दे’ म्हणते, जणू कैकेयीच्या धास्तीने. ‘जरा’ स्त्रीलिंगी, म्हणून ही उत्प्रेक्षा उभी राहते: एक बाई दुसरीला चुकवून कुजबुजते. ‘म्हातारपण’ नपुंसकलिंगी, ते कसं कुजबुजेल? आणि ‘जरा कानाशी आली’ लिहिलं तर ‘थोडीशी आली’ असंच वाचलं जाणार. ‘वृद्धावस्था’ लिंगाला चालेल, पण त्याला अर्जातल्या रकान्याचा वास आहे.

शब्दवेडा: मुळात तिथे ‘पलित’ आहे ना? आपला ‘पलिता’ त्याच कुळातला असणार. दिव्याशीही जुळतं.

तळटीप: नाही. पलिता फारसीतून आला. मूळ अरबी ‘फतीला’, म्हणजे वात, त्यातली अक्षरं उलटसुलट होऊन ‘फलीता’. ‘पलित’ म्हणजे पांढरं पडलेलं, ‘भज गोविन्दम्’च्या ‘पलितं मुण्डम्’मधलं.

शब्दवेडा: मग वातीला पलिताच वापरा की!

ओसरी: कालिदासाच्या तोंडी फारसी?

तळटीप: फारसी असल्याने बिघडत नाही, संस्कृत ‘जरा’ला गिळणारा ‘थोडंसं’ या अर्थाचा ‘जरा’ही तिकडूनच आला. पण पलिता मशालीचा, तोफेचा. पहाटे मंदावलेल्या समईत तो शोभत नाही.

पानगळ: ओसरी, तुम्ही ‘पिकला केस’ म्हणालात. पिकणं म्हटलं की फळ आलं, मग देठातून गळणंही आलं. मूळ श्लोकात नुसता पांढरेपणा आहे. ‘पांढरा केस’च हवा.

ओसरी: केस मराठीत पिकतातच. त्यात फळ कोणाला दिसतं?

पानगळ: कवितेत दिसतं.